फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आणि कामाचा हिशोब: नव्यानं शेड टाकणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षाचा हिशोब घेऊन सीए साहेबांकडं बसलो होतो. त्यांनी कागद पुढं सरकवला आणि म्हणाले, नफा चार लाख. मी म्हटलं, "साहेब, दिवाळीचा बोनस द्यायला मेहुण्याकडून पन्नास हजार आणलेत. हे चार लाख कुठं आहेत?" ते हसले. पैसे होते, पण रॅकवरच्या तुकड्यांत होते, गिऱ्हाइकांच्या उधारीत होते, आणि बराचसा भाग असा होता जो मी माझा पगारच धरला नव्हता म्हणून नफा दिसत होता.

मी कोल्हापूरकडचा. गेट, ग्रिल, शेड, आणि गळीत हंगामाच्या आधी ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती, असं मिसळ काम. वेल्डिंग मला येत होतं, हिशोब येत नव्हता. खाली लिहिलंय ते मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. यातले दर उदाहरणापुरते आहेत. लोखंडाचा भाव महिन्यात बदलतो, तुमच्या गावचा पगार वेगळा असेल. रीत घ्या, आकडे तुमचे घाला.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- पॅन, आधार, जागेचा भाडेकरार किंवा सातबारा/मिळकतपत्रिका, वीजबिल
- धंद्याच्या नावाचं चालू खातं
- उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी). सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते सरकारी नाही, बंद करा.
- लागू असेल तर जीएसटी नोंदणी (पुढं सांगतो)
- एक शंभर-दोनशे किलोचा वजनकाटा. महागडा नको, पण स्वतःचा हवा.
- जॉब कार्डाचं छापील पॅड, क्लिपबोर्ड, भिंतीवरचं घड्याळ
- हिशोबाचं सॉफ्टवेअर: टॅली, व्यापार, झोहो बुक्स किंवा साधं एक्सेल. सुरुवातीला कुठलंही चालतं. सॉफ्टवेअर नसल्यामुळं कुणाचा हिशोब बिघडलेला मी पाहिला नाही, कार्ड न भरल्यानं बिघडलेले पुष्कळ पाहिलेत.

१. खिसा आणि गल्ला वेगळा करा

गिऱ्हाइकानं दिलेल्या पाच हजारांतून पोराची फी, उरलेल्यातून कटिंग व्हील, असं चाललं की पुढचं सगळं वाया. चालू खात्यात सगळी जमा. तिथून दर महिन्याला ठरावीक रक्कम स्वतःच्या बचत खात्यात, पगार म्हणून. मध्येच लागले तर घ्या, पण वहीत 'मालकाची उचल' म्हणून लिहा. कामगारांच्या उचलीलाही वेगळं पान ठेवा. शनिवारी पगार वाटताना "मागच्या बुधवारी पाचशे घेतले होते का तीनशे" यावर होणारी भांडणं त्यानंच थांबतात.

रोखीचे दोन नियम लक्षात असू द्या. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. आणि एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आहे. शेडचं मोठं काम रोखीत घेणाऱ्यांना दुसरा नियम फार उशिरा कळतो.

२. प्रत्येक कामाला नंबर आणि कार्ड

हे एवढं केलं तरी निम्मं काम झालं. गिऱ्हाईक आलं, माप ठरलं, की कामाला क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक कार्डावर, कच्च्या मालावर खडूनं, चलनावर, शेवटी बिलावर. कार्ड अर्ध्या पानाचं असावं. वर काम क्रमांक, गिऱ्हाईक, माप, ठरलेली रक्कम, तारीख. खाली दोनच तक्ते: रॅकवरून काय घेतलं (नग, लांबी, किलो) आणि कोण किती वाजता लागला, किती वाजता सुटला.

आमच्याकडं पहिल्या आठवड्यात कार्डं कोरीच राहिली. मिस्त्री म्हणाला, "मालक, लिवत बसलो तर काम कवा करायचं?" त्याचंही खरं होतं, हातात ग्लोव्हज, तोंडावर मास्क. शेवटी कटरच्या मागं भिंतीवर काळा बोर्ड लावला. माणूस कामाला लागला की नंबरापुढं वेळ खडूनं लिहितो. संध्याकाळी मी त्याचा फोटो काढतो आणि घरी चहा पिता पिता कार्डावर उतरवतो. दहा मिनिटं लागतात. दुसऱ्या दिवशी उतरवायचं ठेवलं तर ते राहतंच, हेही अनुभवानं सांगतो.

३. मटेरियल: वजन सूत्रानं काढा, पण तुकडे कागदावर कापा

लोखंडाच्या वजनाची सूत्रं पाठ असू द्या:

- गोल सळई: व्यास × व्यास ÷ १६२ = किलो प्रति मीटर (व्यास मिलिमीटरमध्ये). १२ मिमीची सळई ०.८९ किलो.
- प्लेट, पत्रा: लांबी मी. × रुंदी मी. × जाडी मिमी × ७.८५ = किलो
- गोल पाईप: (बाहेरचा व्यास − जाडी) × जाडी × ०.०२४६६ = किलो प्रति मीटर
- चौकोनी पाईप: ४ × (बाजू − जाडी) × जाडी × ०.००७८५ = किलो प्रति मीटर. कोपरे गोल असल्यानं प्रत्यक्षात थोडं कमीच भरतं.

दुकानात २ मिमी म्हणून दिलेला पाईप कॅलिपर लावला की १.८ किंवा त्याहून पातळ निघतो. माल वजनावर घेतलाय तोवर पैशाचं नुकसान नाही, पण गिऱ्हाइकाला २ मिमी लिहून दिलं असेल तर उद्या तो तुमच्याशीच वाद घालणार. माल उतरवताना एक नग स्वतःच्या काट्यावर टाका.

आता खरा घोळ. दोन पाखांचं गेट घ्या, १२ फूट रुंद, ५ फूट उंच. प्रत्येक पाखाला ४०×४०×२ मिमीच्या चौकोनी पाईपची फ्रेम आणि मध्ये एक आडवा. म्हणजे ६ फुटी तुकडे सहा, ५ फुटी तुकडे चार. एकूण ५६ फूट. २० फुटी तीन नग (अख्खे पाईप) म्हणजे ६० फूट, पुरतील असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं होतं आणि तीनच आणले होते.

कापून बघा. एका नगातून ६ चे तीनच निघतात. ६ चे दोन आणि ५ चा एक घेतला तरी तीनच. ५ चे चार घेतले तर बरोबर २० फूट होतात, पण बाजारातला २० फुटी नग ६ मीटरचा असतो आणि ५ फुटाचे चार तुकडे होतात ६.१० मीटर. वर ब्लेड प्रत्येक कापाला दोन-तीन मिमी खातं ते वेगळंच. थोडक्यात एका नगातून कसंही केलं तरी तीनच तुकडे. दहा तुकड्यांना चार नग लागतात. चौथ्या नगासाठी टेम्पो पुन्हा गेला, त्याचं भाडं माझ्या खिशातून.

म्हणून दर देण्याआधी कागदावर कापणी आखा. उरलेल्या तुकड्यांसाठी आमचा नियम सोपा आहे: एक मीटरच्या वरचा तुकडा रॅकवर परत आणि कार्डावरून वजा, त्याखालचा त्याच कामाच्या नावावर. वरच्या गेटात ४.४८ मीटर आणि १.४३ मीटरचे दोन तुकडे परत जातात, ०.५१ चे दोन गेटाच्या अंगावर पडतात. तुकडा एरवी न लागणाऱ्या मापाचा असेल, म्हणजे खास त्या गिऱ्हाइकासाठी मागवलेला, तर लांबी कितीही असो, पूर्ण नग त्याच कामाला लावा. तो पुढची तीन वर्षं रॅकवर गंजत पडणार आहे.

फुकटच्या तुकड्यांतून केलेलं काम स्वस्त पडलं असं वाटतं, तोही भ्रमच. आजच्या भावानं त्या तुकड्याची किंमत नव्या कार्डावर चढवा.

आणि भंगार. महिन्याकाठी भंगारवाला येतो, रोख देतो, ते पैसे चहापाणी-पेट्रोलमध्ये विरतात. भंगार ही विक्री आहे. नोंदणी असेल तर तिच्यावरही जीएसटी लागतो. भंगाराचं वजन खरेदीच्या वजनाशी ताडून बघा. आमच्या शेडमध्ये एकदा ते एवढं जास्त भरलं की कळलं, चांगले दीड-दोन मीटरचे तुकडे ढिगात जातायत, कारण रॅकपर्यंत चालत जायचा कंटाळा.

४. तासाचा खरा दर

वेल्डरला दिवसाला ९०० रुपये, आठ तास, म्हणून तासाला ११२ रुपये. असा हिशोब मी तीन वर्षं केला. तो चुकीचा आहे.

एक आठवडा काही न बोलता बोर्डाकडं बघा. आठ तासांत गिऱ्हाइकाच्या कामाला लागलेले तास किती? चहा दोनदा, माल उतरवणं, लाईट जाणं, झाडलोट, ग्राइंडरचा कार्बन बदलणं, गिऱ्हाईक माप बदलतंय म्हणून थांबणं. आमचे साडेपाच निघाले. आळशीपणा नाही हा, शेड अशीच चालते.

मग मांडणी अशी. २६ दिवस × ९०० = २३,४००. दिवाळीला एक पगार बोनस, त्याचा महिन्याचा वाटा १,९५०. एकूण २५,३५०. कामाचे तास २६ × ५.५ = १४३. तासाचा दर १७७ रुपये. हेल्परचे ५०० रुपये रोज धरले तर तसंच करून ९८. पीएफ, ईएसआय लागू असेल तर तेही यात मिळवा.

५. शेडचा खर्च तासावर वाटा

काम असो नसो, हे चालूच असतं. आमच्यासारख्या चार माणसांच्या (दोन वेल्डर, दोन हेल्पर) शेडचा नमुना:

- भाडं १५,०००
- वीज ९,०००. शेड बंद असली तरी स्थिर आकार येतोच.
- कर्जाचं व्याज ६,००० (हप्ता नव्हे, त्यातलं फक्त व्याज)
- यंत्रांची झीज ७,०००. मिग मशीन, चॉप सॉ, कॉम्प्रेसर, ड्रिल मिळून ४,२०,००० ची यंत्रं पाच वर्षं चालतील असं धरलं, भागिले ६० महिने.
- यंत्रदुरुस्ती ४,०००
- सीए, फोन, चहा, किरकोळ ६,०००
- पेट्रोल ५,०००
- मालकाचा पगार ३०,०००

बेरीज ८२,०००. चौघांचे मिळून कामाचे तास ५७२. म्हणजे माणसामागं तासाला १४३ रुपये.

शेवटच्या ओळीवर लोक अडखळतात. स्वतःचा पगार कसला? विचार असा करा: उद्या तुमचा पाय मोडला तर माप घ्यायला, माल आणायला, गिऱ्हाईक सांभाळायला ज्याला ठेवाल तो फुकट येणार नाही.

व्हील, वेल्डिंग रॉड, गॅस हे यात धरलेलं नाही. ते मी कामावर चढवतो. रॉडचं पाकीट किंवा १५ किलोचं मिगच्या तारेचं रीळ संपलं की त्या काळातल्या कामांवर किलोच्या प्रमाणात वाटतो. ढोबळ आहे, पण चालतं. ऑक्सिजनच्या सिलिंडरचं मात्र कार्डावर लिहायला लावा. जाड प्लेटच्या एका कामात ७ घनमीटरची अख्खी टाकी जाऊ शकते आणि ग्रिलच्या कामात काहीच जात नाही, दोन्हीवर सारखी वाटली तर ग्रिलवाल्यावर अन्याय.

६. तेच गेट, दोन हिशोब

वरच्या गेटाला खालच्या दोन फुटात पत्रा आहे आणि वर २५×२५×२ चे तीन फुटी उभे बार, पाखाला ११. लोखंड ७० रुपये किलो, जीएसटी सोडून.

जुनी रीत: गेट काट्यावर टाकलं, ९१ किलो. किलोला १७५ दरानं १५,९२५. लोखंड ६,३७० गेलं, वेल्डर-हेल्परचे दोन दिवस २,८०० गेले. उरले ६,७५५. मी खूश.

कार्डावरची रीत:

- फ्रेमचा पाईप ४३.१ किलो, बारचा ३१.३ किलो, पत्रा २१ किलो, मिळून ९५.४ किलो: ६,६७८
- बिजागऱ्या, कडी, कुलूपपट्टी: ९००
- रॉड, व्हील: ४५०
- रेड ऑक्साइड, पेंट, थिनर: ८००
- वेल्डर १४ तास (जागेवर बसवायचे ३ धरून): २,४७८
- हेल्पर १४ तास: १,३७२
- शेडचा खर्च २८ तास × १४३: ४,००४

एकूण १६,६८२. म्हणजे ज्या गेटावर पावणेसात हजार सुटले म्हणून मी पेढे वाटायला निघालो होतो त्यात ७५७ रुपयांचा तोटा होता. माझा पगार बाजूला ठेवला तर सातशेच्या आसपास उरतात. दोन दिवसांचे, दोन माणसांच्या घामाचे, सातशे.

किलोचा दर वाईट नाही, गिऱ्हाइकाला तोच समजतो. पण जड कामात तो परवडतो आणि नाजूक कामात मारतो. १०० च्या चॅनेलला मीटरमागं साडेनऊ किलो वजन आणि दोन जोड, त्याच वजनाच्या नक्षीदार ग्रिलला शंभर जोड. दोन्हीला एकच भाव लावणाऱ्या शेडकडं नक्षीची सगळी कामं जमा होतात आणि जडाची शेजारच्याकडं जातात. दर किलोतच सांगा, पण आधी तासांवरून काढा, मग किलोनं भागा.

नफा लावतानाचा सापळा: १६,६८२ वर १५ टक्के चढवले तर १९,१८४ होतात. गिऱ्हाईक म्हणतं, दहा टक्के कमी करा. ते १,९१८. हातात राहिले ५८४. विक्रीवर १५ टक्के हवे असतील तर खर्चाला ०.८५ नं भागायचं: १९,६२६. आणि सूट किती द्यायची ते गिऱ्हाईक समोर बसण्याआधी ठरवायचं.

७. दुरुस्तीची गोष्ट निराळी

गेटाचं माप असतं. ट्रॉलीचं उघडल्यावर कळतं. ऑगस्ट-सप्टेंबरात शेतकरी ट्रॉली आणून उभी करतो, "फक्त फाळक्याचं बिजागर तुटलंय आणि खालचा पत्रा थोडा गेलाय." पत्रा कापला की खालचा क्रॉस मेंबर (आडवा आधार) कागदासारखा. तोवर तुम्ही चार हजार सांगून मोकळे झालेले असता.

आता आम्ही असं करतो:

१. आधी तपासणी. हातोडीनं ठोकून, ग्राइंडरनं दोन-तीन जागी गंज काढून. तिचे वेगळे पैसे, काम दिलं तर बिलातून वजा.
२. दिसणाऱ्या कामाची रक्कम, आणि न दिसणाऱ्याचा दर. "चॅनेल बदलावा लागला तर किलोला एवढे, तासाला एवढे" असं कार्डावर लिहून सही.
३. उघडल्यावर जास्त निघालं तर काम थांबवायचं, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, लेखी हो आल्यावरच पुढं. फोनवरचं "करा हो तुम्ही" नंतर कुणाला आठवत नाही.
४. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवायचा, घेऊन जायचा की आपल्याकडं ठेवायचा ते त्यालाच विचारायचं.

किमान आकार ठेवा. दोन टाके मारायला मशीन लावणं, अर्थिंग, साफसफाई यात अर्धा तास जातो. ओळखीच्या माणसाला फुकट करायचं तर जरूर करा, पण कार्ड भरा आणि रक्कम शून्य लिहा. वर्षाच्या शेवटी शून्याच्या कार्डांचे तास मोजले तेव्हा मी पाव्हण्यारावळ्यांना एक महिना दिला होता असं निघालं.

८. कंपनीचं मटेरियल तुमच्या शेडमध्ये

एमआयडीसीतल्या कंपनीकडून जॉबवर्क घेतलंत तर माल त्यांचा, मजुरी तुमची. हा माल तुमच्या साठ्यात धरू नका, वेगळी वही, वेगळी जागा, जमलं तर वेगळ्या रंगाचा पट्टा. माल डिलिव्हरी चलनावर येतो, चलनावरच परत जातो. कच्चा माल एका वर्षात परत गेला पाहिजे, नाहीतर कंपनीनं तो तुम्हाला पाठवला त्या दिवशीच विकला असं जीएसटीत धरतात. आलेले किलो, तयार मालाचे किलो, भंगाराचे किलो, ही बेरीज जुळली पाहिजे. भंगार कुणाचं ते ऑर्डरवर लिहून घ्या. लिहिलेलं नसेल तर ते कंपनीचं समजा.

कंपनी मजुरीच्या बिलातून टीडीएस, म्हणजे तुमच्या नावानं आगाऊ आयकर, कापते, मालक एकटा असेल तर १ टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २. कापलेला टीडीएस आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कर-जमेच्या यादीत (फॉर्म २६एएस) दिसतो का ते दर तिमाहीला बघा. न दिसलेला टीडीएस म्हणजे तुमचेच पैसे अडकलेले.

९. जीएसटीचं लागेल तेवढं

नुसता माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख आहे. पण दुरुस्ती, मजुरी ही सेवा. ती करताय तर तुमची मर्यादा २० लाख. "अमक्यानं चाळीस सांगितलं" म्हणून बसलेले पुढं व्याज भरतात.

लोखंडी गेट, शेडचे सांगाडे एचएसएन (जीएसटीतला मालाचा क्रमांक) ७३०८ मध्ये, दर १८ टक्के. दुरुस्तीची सेवा ९९८७, तिलाही १८. जॉबवर्कचा दर सीएकडून लेखी घ्या.

कॉम्पोझिशन (लहान धंद्यांसाठी ठोक दरानं जीएसटी भरायची योजना) घेतलं तर भरणा कमी, पण खरेदीवरचा कर परत मिळत नाही आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. म्हणजे तुमचं ७० रुपयांचं लोखंड ८२.६० ला पडतं, वरचा सगळा हिशोब त्या भावानं करा. कंपन्यांची कामं करायची असतील तर त्यात पडू नका, त्यांना क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, हवं असतं.

आगाऊ रकमेत एक बारीक फरक आहे. माल विकायचा असेल तर ॲडव्हान्सवर जीएसटी बिल करताना लागतो. सेवेचा ॲडव्हान्स असेल, उदाहरणार्थ दुरुस्ती, तर पैसे घेतले तेव्हाच लागतो. शेड जागेवर पक्की उभारून देणं हे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे तीही सेवाच.

खरेदीचं क्रेडिट घेण्याआधी जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी तुमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) उघडा. पुरवठादारानं विवरण भरलं नसेल तर तुमचं बिल तिथं दिसत नाही आणि क्रेडिटही मिळत नाही. एका दुकानदारानं चार महिने भरलं नव्हतं, मी त्याच्याकडं चकरा मारत राहिलो आणि मधल्या काळात कर खिशातून भरला. आता नव्या दुकानदाराला पहिले दोन महिने मी बिलाची मूळ रक्कम देतो, कराची रक्कम २बीत बिल दिसल्यावर. तो कुरकुरतो, मग देतो. मात्र सहा महिने, नेमकं सांगायचं तर १८० दिवस, पैसे थकवले तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं.

माल बाहेर पाठवताना महाराष्ट्राच्या आत १ लाखाच्या वर ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं, राज्याबाहेर ५० हजारांच्या वर. निपाणीला शेडचे ट्रस घेऊन जाताना नाक्यावर हे शिकू नका.

लहान धंद्याला आयकरात अंदाजित नफ्याची सोय आहे, उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६. ती घेतली की खातेवही ठेवायची सक्ती नाही. मी ती घेतो. कार्डं तरीही भरतो.

१०. उधारी

ॲडव्हान्स इतका घ्या की मटेरियल त्यात बसेल. आम्ही निम्मे घेतो, माल तयार झाल्यावर उचलण्याआधी चाळीस टक्के, बसवल्यावर दहा. ते शेवटचे दहा टक्के कधी कधी बुडतात. चाळीस बुडण्यापेक्षा बरं. वरचा १५ टक्के नफा धरून दर काढला असेल तर दहा बुडूनही खर्च निघतो.

कंपन्यांच्या बाबतीत उद्यम नोंदणी कामाला येते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. त्यापुढं बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार एमएसएमई (लहान उद्योग) मंत्रालयाच्या पोर्टलवर करता येते. शिवाय आकारणी वर्ष २०२४-२५ पासून असं आहे की मुदतीत पैसे न दिल्यास ते देईपर्यंत कंपनीला तो खर्च आयकरात धरता येत नाही. मार्च महिन्यात अकाउंट्स विभागाला याची नम्रपणे आठवण करून द्या. तक्रारीपेक्षा या वाक्यानं माझे जास्त पैसे आलेत. उद्यम क्रमांक बिलावर छापलेला असला पाहिजे, आणि नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी, नंतर काढून जुन्या उधारीला लागू होत नाही.

११. महिन्यातून एक संध्याकाळ, वर्षातून दोन दिवस

महिनाअखेर संपलेल्या कामांची कार्डं टेबलावर पसरा. प्रत्येकावर ठरलेले तास आणि लागलेले तास शेजारी शेजारी. जिथं दुपटीचा फरक आहे ती तेवढी बाजूला काढा, बाकीच्यांवर वेळ घालवू नका. आमच्याकडं बाजूला निघालेल्या कार्डांत जागेवर बसवायची कामं सारखी येत होती. शेडमधले तास बरोबर होते, बसवायला जाण्यायेण्याचे कुणी धरतच नव्हतं. तेव्हापासून वीस किलोमीटरच्या पुढं बसवणी वेगळी लावतो.

साठा ३१ मार्चला मोजावाच लागतो. पण तेव्हा कामाची घाई असते आणि मोजणी अंदाजपंचे होते. आम्ही खरी मोजणी खंडेनवमीला करतो. पूजेसाठी यंत्रं बंद असतात, शेड धुवायची म्हणून रॅक तसाही रिकामा करावा लागतो. मग प्रत्येक तुकडा काट्यावरून जातो, मिस्त्री वजन ओरडतो, मी लिहितो. यंदा वही आणि काट्यात ३८ किलोचा फरक आला. त्यातले २२ किलो पूजेला मांडलेल्या टेबलाचे निघाले, मागच्या वर्षी पोरांनी स्वतःच बनवलेलं, कार्ड न करता.